दाखल क्रमांक १७

एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत मी ३१ वर्षे काढली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्यांतल्या चुका शोधणे हे माझे काम होते, आणि ते मला आवडतही असे. त्यामुळे निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात गल्लीतल्या मुलांसाठी वाचनालय सुरू करायचे ठरले, तेव्हा मी पुस्तकांच्या आधी वह्या विकत आणल्या. दाखल नोंदवही (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहायची), देवघेव नोंदवही, सभासदांची वही आणि खर्चाची किर्द अशा चार. चारही वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरे घातली, लाल शाईने रकाने आखले, पानांना क्रमांक दिले. त्यातले पुढे काय कामी आले आणि काय आले नाही, त्याची ही हकीकत आहे.

पुस्तके आली ती पुरातून. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५६ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने हे एकदा सोसलेले होते. त्या धड्यावरून या वेळी तिने धान्य, कागदपत्रे आणि शिलाई मशीन वेळेत माळ्यावर चढवले, पण मुलांची पुस्तके भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर राहून गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो, तेव्हा कागद फुगून ती पुस्तके कपाटात अशी आवळून बसली होती की कडेचे एक पुस्तक फोडल्याशिवाय दुसरे निघेना. बहीण म्हणाली, "अक्का, जाऊ दे, घंटागाडीत टाक." टाकून दिले असते तर नुकसानीच्या यादीत एक ओळ वाढली असती, इतकेच. पण मला ती ओळ लिहवेना. ११८ पुस्तके दोन पोत्यांत भरून मी घरी आणली.

ओले पुस्तक वाळवणे हे पापड वाळवण्यासारखे सोपे नाही, हे मला त्या आठवड्यात कळले. पहिली गोष्ट म्हणजे चिंब पुस्तक उघडायचे नसते. उघडले की पान हाताला येते. ते कण्यावर जोर न देता उभे करून आधी निथळू द्यायचे, मग थोडे पंख्यासारखे पसरायचे, पंधरा-वीस पानांनंतर एकेक वर्तमानपत्राचा तुकडा सरकवायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. कडक उन्हात ठेवले तर पुठ्ठा वाकतो. अर्थात आषाढात कोल्हापुरात ऊन मागूनही मिळत नाही, म्हणून तो प्रश्न आला नाही. दोन दिवसांच्या आत ओल कमी झाली नाही तर बुरशी धरू लागते, त्यामुळे सोप्यात, माजघरात आणि देवघरासमोरसुद्धा पंखे लावून आम्ही घरातली तीन माणसे रात्रीची पाळी करून वर्तमानपत्रे बदलत होतो. गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तके मात्र वाचली नाहीत. त्या कागदाला वरून मुलामा असतो, तो पाण्याने चिकट होतो आणि वाळल्यावर सगळ्या पुस्तकाची वीट होते. जी वाचली ती साध्या, खरबरीत कागदाची, काळ्या शाईतली, स्वस्तातली. ११८ पैकी ५१ उरली. त्यांची पाने लाटांसारखी झाली होती, प्रत्येकाच्या तळाला गढूळ पाण्याची तपकिरी रेघ होती आणि वासाबद्दल तर न लिहिलेले बरे.

त्या ५१ मध्ये एक पुस्तक होते ज्याचे मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने गेलेली होती. नाव नाही, लेखक नाही, किंमत नाही. माझ्या वहीतले सहा रकाने त्याने रिकामे ठेवायला लावले. मी 'बालकथा (अपूर्ण)' असे लिहून त्याला दाखल क्रमांक १७ दिला. खरे सांगायचे तर ते केवळ आकडा ५१ व्हावा म्हणून ठेवले होते.

शाळा तेव्हा बंद होत्या. करोनाची ती दोन वर्षे गल्लीतली मुले दिवसभर पायरीवर एकाच मोबाईलभोवती डोकी जोडून बसत, आणि त्यांना पाहूनच वाचनालयाची कल्पना डोक्यात आली. नातेवाइकांच्या घरची, रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेली आणि नवी विकत आणलेली अशी पुस्तके मिळवून एप्रिल २०२२ पर्यंत १३४ चा आकडा गाठला. गल्लीतल्या तालीम मंडळाने ढाली आणि चषक ठेवण्याचे जुने काचेचे शोकेस दिले. त्याच्या वरच्या कप्प्यात कुस्तीची एक चांदीची गदा अजून होती, ती 'असू दे तिथंच, वजन राहील' म्हणून त्यांनी नेली नाही. १ मे २०२२ रोजी, महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपून आलेल्या मुलांना पेढा देऊन वाचनालय उघडले.

नियम मी टंकलिखित करून भिंतीवर लावले होते. अनामत ५० रुपये. एका वेळी एकच पुस्तक, मुदत सात दिवस. उशीर झाल्यास दररोज एक रुपया दंड. पुस्तक स्वतःच परत करावे, परस्पर दुसऱ्यास देऊ नये. परत करताना त्या पुस्तकाविषयी पाच वाक्ये लिहून आणावीत. शोकेसला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. पहिल्या आठवड्यात २२ मुले आली, तिसऱ्या आठवड्यात सहा.

पाच वाक्यांचा जाच मला सर्वांत उशिरा कळला, कारण ती कल्पना मला फार चांगली वाटत होती. मुले मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर उतरवून आणत. एका मुलाने पुस्तक न उघडताच परत केले आणि वर म्हणाला, "काकी, हे घेतलं की निबंध लिहायला लागतोय, त्यापेक्षा मी हितंच बसून चित्रं बघतो की." तरीही मी शहाणी झाले नाही. उलट जूनमध्ये मी स्पर्धा जाहीर केली. महिन्यात सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला कंपासपेटी. त्या महिन्यात आमच्याकडची सोळा पानी पुस्तके हातोहात गेली आणि जाड पुस्तकांना कोणी शिवले नाही. कंपासपेटी जिंकणाऱ्या मुलाने एकाच दिवशी एकामागून एक चार पुस्तके नेऊन संध्याकाळपर्यंत परत केली होती. देवघेव नोंदवहीत हे सगळे अगदी बिनचूक नोंदलेले आहे.

दंडाची गोष्ट याहून वाईट. चौथीत गेलेली एक मुलगी, तिचे वडील गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन जातात, पहिल्या महिन्यात रोज येत असे, ती अचानक यायची बंद झाली. वहीत तिच्या नावापुढे १७ क्रमांकाचे पुस्तक आणि ११ रुपये दंड असे दिसत होते. मी निरोप पाठवला, तरी आली नाही. ही गोष्ट मी ओळखीच्या एका निवृत्त ग्रंथपालांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत पाठवलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, तो बापाला. तुम्ही दिवसाला रुपया लावलाय, आणि तोही पोरीला." मग त्यांनी मला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम ऐकवले. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाचांमध्ये कुलूप आणि दंड कुठे बसतात ते शोधून सांगा, असे म्हणून त्यांनी चहा मागवला.

कोल्हापूरकराला हे दुसऱ्याने सांगावे लागावे, याची मला लाजच वाटली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे. संस्थान असताना १९४५ मध्येच इथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला. माझे वडील मला लहानपणी वाचनालयात नेत, तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत असताना मी टेबलाखाली बसून वाटेल ते पुस्तक उलटसुलट चाळत असे आणि मला कोणीही कधी पाच वाक्ये विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा कागद काढला, शोकेसचे कुलूप काढले आणि गंगावेशीच्या वाटेवर त्या मुलीला गाठले. दंडाबद्दल काही न बोलता विचारले, "पुस्तक कसं आहे?" तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग म्हणाली, "पुस्तक माझ्याकडं न्हाईच. मी दिलो त्याला." कोल्हापुरातल्या मुली मुलांसारखे 'आलो', 'गेलो' म्हणतात, तशीच ती बोलत होती. 'त्याला' म्हणजे शेजारच्या मुलाला, त्याने मामेबहिणीला, तिने आणखी कोणाला. सगळे मिळून पाच. माझ्या नियमाप्रमाणे हा सरळ अपहार होता. मी विचारले, "अगं पण त्याला सुरुवातच नाही, पहिली पाने गेलीत. कळतं तरी का कुणाला?" त्यावर ती जे म्हणाली त्याने माझ्या वाचनालयाची पुढची दिशा ठरली: "सुरुवात मी सांगतो की त्याला. सांगितल्याशिवाय देतच न्हाई."

प्रकार असा होता. त्या पुस्तकाचे उरलेले पहिले पान मधूनच सुरू होते, आणि पानाच्या अगदी वरची ओळ आहे, '...म्हणून म्हातारीने दार उघडलेच नाही.' म्हातारी कोण, दारात कोण, का उघडले नाही, हे सगळे पंचगंगेने नेलेले. या मुलीने पुस्तक वाचल्यावर तिला ती ओळ सतावू लागली, म्हणून तिने स्वतःची सुरुवात रचली. बाहेर वाघ होता, तो नातवाच्या आवाजात हाका मारत होता, पण नातू आजीला कधी 'आजी' म्हणत नसे, 'म्हातारे' म्हणत असे. म्हणून तिने दार उघडले नाही. शेजारच्या मुलाला ही सुरुवात पटली नाही. त्याच्या मते बाहेर पाणी होते आणि दार उघडले असते तर ते आत आले असते. त्याच्या काकांचे घर पुरात गेले होते. त्याने मामेबहिणीला पुस्तक दिले ते आपली सुरुवात सांगून. तिच्या सुरुवातीत म्हातारीला ऐकूच येत नव्हते.

म्हणजे ज्या एका पुस्तकाला मी केवळ आकडा भरण्यासाठी ठेवले होते, तेच मुले एकमेकांकडे पोचवत होती, आणि ते कपाटातून नेताच येत नव्हते. कोणीतरी हातात देऊन तोंडाने सांगावे तेव्हाच ते वाचता येई. बाकीच्या १३३ पुस्तकांना सुरुवात होती, शेवट होता, दाखल क्रमांक होता, पण 'हे घे, ह्यात काय आहे माहिती आहे का' असे म्हणणारे कोणी नव्हते. ते काम मी पाच वाक्यांना लावले होते. मुलाला वाचलेले स्वतःजवळ ठेवता येत नाही, ते त्याला कोणाला तरी सांगायचेच असते, फक्त ते मला लिहून दाखवायचे नसते, हे माझ्यासारख्या टिपण्या वाचत आयुष्य काढलेल्या बाईला इतक्या उशिरा समजले.

मग पद्धत बदलली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक रेघी कागद खळीने चिकटवायचा आणि त्यावर तीनच रकाने: कोणाकडून, कोणाकडे, तारीख. मुलांनी परस्पर द्यायला हरकत नाही, चिठ्ठीवर लिहिले की झाले. देवघेव नोंदवही त्या मुलीच्या ताब्यात गेली. ती आठवड्यातून एकदा सगळ्या चिठ्ठ्या बघून वहीत उतरवते. तिच्या अक्षराला मी बोट लावत नाही, 'ऑगस्ट' ती कधी कधी 'ओगष्ट' लिहिते तेवढे मनातल्या मनात दुरुस्त करते. अनामत परत दिली. पुस्तके शोकेसमध्ये कणा दाखवून उभी न ठेवता सतरंजीवर मुखपृष्ठे वर करून पसरली, कारण लहान मुलाला कण्यावरचे बारीक अक्षर काही सांगत नाही, चित्र सांगते. शोकेसमध्ये आता फक्त दुरुस्तीला आलेली पुस्तके आणि ती गदा असते.

दुरुस्ती हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. हातोहात फिरणारे पुस्तक कण्यापाशी आधी सैल होते, मग पहिला आणि शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, निघतो. महाद्वार रोडच्या अलीकडच्या एका बोळात एक वयस्क बाइंडर होते, त्यांनी मला खळ करायला शिकवली. मैदा थंड पाण्यात आधी गाठी मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचा, पारदर्शक झाला की उतरवायचा आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. मोरचूद विषारी, म्हणून ते मीच टाकते आणि खळीचे भांडे मुलांच्या हाताला लागू देत नाही. चिकटपट्टी लावायची नाही, हे मात्र त्यांनी मुलांना दम देऊन सांगितले. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही घेऊन जाते. शनिवारी दुपारी चार-पाच मुले पुस्तकांवर वजने ठेवून त्यांच्याकडे बघत बसतात. या कामात कसली करमणूक आहे ते मला सांगता येणार नाही, पण त्या कामाला मुले कधी कमी पडत नाहीत.

सहावीतल्या एका मुलाची गोष्ट मुद्दाम सांगते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीत होता. दोन वर्षांनी तो सहावीत बसला, पण जोडाक्षर आले की थांबे. 'दुष्काळ' वाचताना 'दु' म्हणून पुढे बघत राही, रफार आला की डोळे खाली घाली. तो चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तके नेत असे आणि न वाचता आणून देत असे. हे मला कळले ते चिठ्ठीवरून, कारण तो नेहमी माझ्याकडून नेई आणि माझ्याकडेच परत करी, कोणा मुलाकडे त्याचे पुस्तक जात नसे. त्याला पुढे देण्याजोगे काही सापडत नव्हते. १७ क्रमांकाच्या सुरुवाती मात्र त्याला सगळ्या पाठ होत्या. वाघाची, पाण्याची, बहिऱ्या म्हातारीची, आणि आवाज बदलून तो त्या अशा सांगे की पायरीवर जाणारी-येणारी माणसे थांबत. दूधवाल्यांच्या मुलीने त्याच्याशी सौदा केला: सुरुवात तू सांग, पुढचे मी वाचतो, पण मी वाचताना तू पानावर बोट ठेवायचेस. मी मध्ये पडले नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर चार पायऱ्यांत लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, त्या कोणालाही मोकळेपणाने छापून घेता येतात. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या बारा गोष्टी झेरॉक्सवाल्याकडून काढून, टाचून, त्यांना इतरांसारखेच दाखल क्रमांक देऊन मी सतरंजीवर टाकल्या, म्हणजे 'ही लहान पोरांची' असे कोणी म्हणू नये. वर्षभरात तो धडाधड वाचू लागला असे मी म्हणणार नाही. अजूनही तो अडतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चिठ्ठीवर 'कोणाकडे' या रकान्यात प्रथमच माझ्याऐवजी त्याच्या धाकट्या भावाचे नाव आले.

पालकांविषयी थोडक्यात लिहिते. 'आधी अभ्यास, मग गोष्टीची पुस्तके' हे प्रत्येक घरात ऐकायला मिळाले, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, ते पाठ्यपुस्तक मंडळाचेच आहे, एवढे सांगितले की निम्म्या आया गप्प होतात. 'किशोर'चे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. एका वडिलांनी आपल्या लहानपणीचा अंक शोधून काढला आणि मुलाला बाजूला सारून स्वतःच वाचत बसले. जवळच्या एका शाळेत मी आमची जास्तीची पुस्तके द्यायला गेले, तेव्हा तिथले पुस्तकांचे कपाट कुलूपबंद होते आणि किल्ली कोणाकडे आहे यावर दोन जणांचे एकमत होईना. मला त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार नव्हता. माझ्या कमरेची किल्ली निघून जेमतेम वर्ष झाले होते.

राहिला हरवण्याचा प्रश्न. मे २०२२ ते एप्रिल २०२३ या वर्षात चिठ्ठ्यांवरून मोजता ९६० वेळा पुस्तके हातातून हातात गेली आणि ११ पुस्तकांचा पत्ता लागला नाही. मला रात्री झोप येईना. नोकरीत असताना मी असल्या तुटीवर आक्षेपाचे परिच्छेद लिहिले होते. अखेर जुन्या सवयीने नियम उघडून पाहिले, तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, चक्क असे म्हटले आहे की वर्षभरात दिलेल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवली तर ते वाजवी समजावे, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. सरकारनेच गृहीत धरले आहे की वाचली गेलेली पुस्तके हरवतात. मग मी वहीत रीतसर निर्लेखनाची, म्हणजे हरवलेली पुस्तके हिशेबातून काढून टाकल्याची, नोंद केली: पाच वाजवी, सहा मर्यादेबाहेर. मुलांना ती वाचून दाखवली. 'मर्यादेबाहेर' हा शब्द त्यांना फार आवडला आणि पुढचे कित्येक दिवस उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला ते 'मर्यादेबाहेर' म्हणत होते. पुढच्या वर्षी देवघेव २,१४० वर गेली आणि ९ पुस्तके हरवली. ही मर्यादेच्या आत होती, आणि मी तो आकडा लाल शाईने न लिहिता निळ्या शाईने लिहिला.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. दरवर्षी सर्वांत आधी पाणी येते ते दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात, तिथली काही कुटुंबे निवाऱ्याला हलवली होती. तालीम मंडळाची मुले जेवणाची पाकिटे घेऊन निघाली, तेव्हा आमची वाचनालयाची मुलेही हट्टाने पिशवी भरून सोबत गेली. कोणती पुस्तके न्यायची हे त्यांनीच ठरवले. मी एवढेच म्हणाले की १७ क्रमांक राहू द्या, तो आता फार नाजूक झाला आहे. दूधवाल्यांची मुलगी, आता सहावीत गेलेली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, ते तर आधीच पाण्यातनं आलंय." आणि पिशवीत टाकले.

२६ पुस्तके गेली होती, परत आली २१. १७ त्यांत नव्हते. मुलीने वहीत त्याच्यापुढे 'निवारा' एवढेच लिहिले. निर्लेखनाची नोंद मी करायला घेतली तर तिने वही ओढून घेतली.

नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपता संपता, अनोळखी मुलगा सायकलवरून आला. सातवी-आठवीतला असावा. पिशवीतून त्याने १७ क्रमांक काढून माझ्या हातात दिले. वरून कोणीतरी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ शिवले होते, गणपती उलटा आला होता. मागच्या चिठ्ठीवर सात नवी नावे होती, शेवटचे समासात तिरपे लिहिलेले, कारण जागा उरली नव्हती. आणि पहिल्या पानाआधी वहीचा एक कागद टाचलेला होता, दोन्ही बाजूंनी भरगच्च लिहिलेला. त्यावर सुरुवात होती.

मुलीने ती उभ्या उभ्याच वाचली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. मला म्हणाली, "हे वाघाचं न्हाई, पाण्याचंबी न्हाई. हे कुणी लिहिलंय?" मुलगा म्हणाला, "आमच्या आज्जीनं सांगितलं, मी लिहिलो." मग त्याने म्हातारीने दार का उघडले नाही ते सांगायला सुरुवात केली. मुलगी सतरंजीवर बसली, तिच्या मागे आणखी तिघे-चौघे येऊन टेकले. मी आत जाऊन मैद्याची खळ चुलीवर ठेवली, कारण चिठ्ठी भरली होती आणि दुसरी चिकटवल्याशिवाय ते पुस्तक त्या संध्याकाळी कोणाला देता येणार नव्हते.